हाडाआधी माती

रानात हाड दिसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठल्या जनावराचे? निसर्गभ्रमंतीची पुस्तकेही याच प्रश्नाचे उत्तर देण्यात रमतात. दाढा रुंद आणि कंगोऱ्यांच्या असतील तर चरणारे जनावर, सुळे लांब असतील तर शिकारी. शिंग भरीव आणि फाटे फुटलेले असेल तर हरणाच्या कुळातले, आतून पोकळ असेल तर गाय, म्हैस, बकरी यांपैकी कुणाचे. हे सगळे बरोबर आहे आणि यायलाच हवे. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : हे हाड इथे अजून शिल्लक कसे राहिले? एखाद्या शिवारात शंभर वर्षांत किती गुरे, कुत्री, मुंगसे, उंदीर, पाखरे मरत असतील याचा नुसता विचार केला तरी पायाखाली हाडांचा थर असायला हवा. तसा तो कुठेच नसतो. जी हाडे उरली ती का उरली हे कळल्याशिवाय न उरलेल्यांबद्दल काहीच बोलता येत नाही. भटकंतीत काय सापडणार हे ठरवण्यात जनावरांपेक्षा जमिनीचा हात मोठा असतो, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे, आणि ते पडताळून पाहायला बेळगावच्या दक्षिण अंगाचे अनगोळ फार सोयीचे आहे.

अनगोळ आता शहरात पुरते मिसळले आहे. एका बाजूला टिळकवाडी आणि व्हॅक्सिन डेपोची झाडी, दुसरीकडे उद्यमबागचे कारखाने, आणि वडगाव-येळ्ळूरच्या दिशेने उरलेसुरले शिवार. हे शिवार दोन रंगांचे आहे. उंचवट्यावर तांबडी माती आणि तिच्याखाली मुरूम किंवा जांभा. सखल भागात, बळ्ळारी नाल्याच्या अंगाने, काळी चिकण जमीन. या काळीत पावसाळ्यात भात घेतात, भात निघाले की उरलेल्या ओलीवर मसूर. पाऊस जरा जास्त झाला की नाला पात्र सोडतो आणि भाताचे पीक पाण्याखाली जाते, ही तक्रार इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी दरवर्षी असते. दोन्ही मातींचे मूळ एकच, दख्खनचा काळा लाव्हा. फरक पडला तो पाण्यामुळे. उंचावर पाणी दगडातून झिरपत खाली निघून जाते आणि जाताना विरघळणारे सगळे घेऊन जाते : आधी चुना, सोडा, पोटॅश, मग हळूहळू सिलिकासुद्धा. मागे राहते ते न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा, तीच तांबडी माती. सखल जागी पाणी साठते, वरून आलेला माल तिथे थांबतो. म्हणजे एकाच गावच्या शिवारात, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, एक जमीन चुन्याला पारखी झालेली आणि दुसरी चुना सांभाळणारी, निदान पहिलीपेक्षा बरी.

हाडाच्या दृष्टीने हा फरक जीवन-मरणाचा आहे. मेल्यानंतरच्या जीवनाचा म्हणू. ताज्या वाळलेल्या हाडात वजनाने ढोबळमानाने दोन भाग खनिज आणि एक भाग सेंद्रिय द्रव्य असते. खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचा एक स्फटिक, सेंद्रिय द्रव्य म्हणजे मुख्यतः कोलॅजेन. कोंबडीची तंगडी खाऊन उरलेले हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवले, मधे एकदा व्हिनेगर बदलले, की ते रबरासारखे वाकते : खनिज गेले, कोलॅजेन राहिले. उलट हाड चुलीत जाळले तर कोलॅजेन जाते, खनिज राहते, आणि हाड बोटांनी चुरडते. जमिनीत दोन्ही हल्ले एकदम होतात. जिवाणू आणि बुरशी कोलॅजेन खातात, आणि माती आम्ल असेल तर पाणी खनिज विरघळवते. खनिज आणि कोलॅजेन एकमेकांत इतके गुंफलेले असतात की एक ढासळू लागले की दुसऱ्याचे संरक्षण जाते. माती उदासीन किंवा अल्कधर्मी असली, त्यात चुनखडीचे खडे असले, तर पाण्यात आधीच भरपूर कॅल्शियम असते आणि ते हाडातले कॅल्शियम ओढत नाही. कधी कधी तर उलटा व्यवहार होतो : पाण्यातला चुना हाडाच्या बारीक छिद्रांत बसतो आणि हाड जड, टणक होत जाते. अश्मीभवनाची सुरुवात अनेकदा अशीच होते.

हे केवळ प्रयोगशाळेतले शास्त्र नाही. शेतीला ते फार आधीपासून ठाऊक आहे. हाडांचा चुरा हे जुने खत आहे. पण तो कुठे लागू पडतो? आम्ल जमिनीत. तिथे हाड विरघळते आणि त्यातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पिकाला मिळतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हाच चुरा जवळजवळ तसाच पडून राहतो, म्हणून तिथे तो टाकू नये असा सल्ला कृषी खाते देते. शेतकऱ्याला हाड विरघळायला हवे असते, हाडे शोधणाऱ्याला ते टिकायला हवे असते. दोघांचे गणित एकच, फक्त उत्तर उलट्या बाजूने वाचायचे. या गणिताची आणखी एक बाजू गुरांमध्ये दिसते. लोह-ॲल्युमिनियमने भरलेली तांबडी माती स्फुरद घट्ट धरून ठेवते, त्यामुळे अशा जमिनीवरच्या गवतात तो कमी उतरतो. स्फुरद कमी पडलेली गाय वाळके हाड तोंडात धरून तासन्‌तास चघळते. दक्षिण आफ्रिकेत आर्नोल्ड थायलर यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिले की गुरांना होणारा एक जीवघेणा आजार या हाडे चघळण्यातून येतो आणि खुराकातून स्फुरद दिला की गुरे हाडांना तोंड लावत नाहीत. म्हणजे हाडे कमी टिकतात अशा जमिनीवर, टिकलेली हाडे संपवणारेही जास्त. साळिंदराचा यात वाटा आहेच. रानातल्या हाडावर समांतर, रुंद, पटाशीने तासल्यासारख्या खाचा ओळीने दिसल्या तर त्या कुत्र्याच्या नसतात. कुत्र्याचा दात टोकाकडच्या मऊ भागात खळगे पाडतो. साळिंदर नळीच्या कडेने शिस्तीत कोरत जाते.

हाडांखेरीज सापडणाऱ्या गोष्टींनाही हाच न्याय लावून पाहावा, आणि इथे एक उपयोगी साधन हाती लागते. गोगलगायीचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात तो हाडापेक्षा कितीतरी लवकर विरघळतो. म्हणून शिवारात जुने, पांढरे पडलेले, रंग उडालेले शंख मातीत रुतलेले दिसत असतील तर ती माती हाडेही राखू शकते. ताजे शंख भरपूर पण जुना एकही नाही, असे असेल तर शंख येतात आणि विरघळून जातात, आणि हाडांचेही तेच होत असणार. मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचा एक थेंब टाकून फसफसते का पाहणे ही मृदाशास्त्रज्ञांची पद्धत. शंख पाहणे ही बिनखर्चाची. गव्हाणी घुबडाने ओकलेल्या गोळ्यांची गोष्ट जरा वेगळी, तरी शेवटी आम्लाचीच. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि केस-हाडांची गोळी करून ओकते. जुन्या वाड्याच्या वळचणीला किंवा मोठ्या झाडाच्या ढोलीखाली अशी गोळी मिळाली आणि पाण्यात भिजवून सोडवली तर आतून बोटाच्या पेराएवढ्या कवट्या, नारिंगी पटाशींचे जबडे, काडीसारख्या फासळ्या साबूत निघतात. घारी-ससाण्यांच्या गोळ्यांत एवढी हाडे मिळत नाहीत, कारण त्यांच्या जठरातले आम्ल घुबडापेक्षा जास्त तीव्र असते. एखाद्याने गोळ्या मोजून घुबड उंदीर खाते आणि घार खात नाही असा निष्कर्ष काढला तर तो हसण्यावारी जाईल. पण तांबड्या माळावर हाड नाही म्हणून तिथे जनावर नव्हते असे म्हणणारा नेमकी तीच चूक करतो, आणि त्याला मात्र कोणी हसत नाही.

आता बेळगाव जिल्ह्याचाच एक पुरावा. रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले अधिकारी. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लवरम येथे त्यांना अश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारतातल्या प्रागैतिहासिक संशोधनाची सुरुवात झाली, हे अनेकांना माहीत असते. पुढच्या दशकात ते या भागात, त्यांच्या भाषेत दक्षिण मराठा मुलुखात, पायपीट करत होते. त्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८७६चा आहे. त्याआधी १८७४मध्ये त्यांनी एक स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला, गोकाकजवळ सापडलेल्या गेंड्यावर. नदी-ओढ्यांच्या जुन्या गाळात मिळालेल्या दात-जबड्यांच्या अवशेषांवरून त्यांनी गेंड्याची एक नवी जात मांडली आणि तिला दख्खनवरूनच नाव दिले, ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. आज रानातला गेंडा पाहायचा तर आसाम, उत्तर बंगाल किंवा तराई गाठावी लागते. गोकाकजवळ घटप्रभा नदीच्या काठी तो होता हे आपल्याला कळले ते चिखलात टिकलेल्या दातांमुळे.

गोकाकलाच का, हा प्रश्न इथे विचारायचा. बेळगावच्या पश्चिमेला आंबोलीच्या घाटात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो हजार-बाराशेवर येतो, आणि पूर्वेला गोकाककडे आणखी निम्म्यावर. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना पावसाची इतकी मोठी उतरंड आहे. कमी पाऊस म्हणजे चुना धुऊन जात नाही. काळ्या मातीत, ओढ्यांच्या गाळात तो खड्यांच्या रूपाने जमून राहतो. शिवाय त्या बाजूला कलादगीच्या प्राचीन खडकांमध्ये चुनखडकही आहे, त्यामुळे पाण्यात चुना उतरायला आणखी एक वाट. गेंडे काही गोकाकच्या हद्दीवर येऊन थबकले नसतील. दलदल, उंच गवत आणि डुंबायला पाणी लागणारे हे जनावर पावसाच्या पश्चिम पट्ट्यात, खानापूरच्या बाजूला, जास्त सुखाने राहिले असण्याचा संभव अधिक. पण तिथे त्याची हाडे शोधण्यात अर्थ नाही. ती होती असे धरले तरी कधीच विरघळून गेली.

याला एक सरळ आक्षेप आहे : पश्चिमेला गेंडा होता हे कशावरून? हाड नाही तर पुरावा नाही, उगाच कल्पना लढवू नयेत. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला अर्धे उत्तर घाटाखाली सापडते. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांतल्या जांभ्याच्या सड्यांवर शेकडो कातळशिल्पे कोरलेली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ती उजेडात आणली, आणि २०२२मध्ये त्यांपैकी काही ठिकाणे गोव्यातल्या उसगाळीमळसह युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या सड्यावर प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या आकृतीच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. कोकणच्या या चित्रांत अभ्यासकांनी गेंडाही ओळखला आहे. म्हणजे जांभ्यावर गेंडा रेषांच्या रूपाने राहिला आणि गोकाकच्या गाळात दातांच्या रूपाने. कोरणाऱ्यांनी तो दुसरीकडे कुठे पाहिला असेल असे म्हणता येईल; फूट यांचे अवशेष आणि ही शिल्पे एकाच काळातली आहेत असेही मानण्याचे कारण नाही, शिल्पांच्या वयाबद्दल मतभेद आहेतच. एवढे मात्र निश्चित की हाडे नाहीत हे कोकणात गेंडा नसल्याचे साक्षीदार होऊ शकत नाही, कारण त्या सड्यांवर ज्यांनी ही चित्रे कोरली त्या माणसांची हाडेही मिळालेली नाहीत, आणि माणसे तर तिथे नक्कीच होती. केरळच्या जांभ्यातल्या महापाषाणी थडग्यांचाही अनुभव असाच. कुंभ मिळतो, लोखंड मिळते, मणी मिळतात; ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याचे हाड बहुधा नसते, असले तर चुराभर.

उलट्या बाजूचे उदाहरण पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी आहे. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खोदाई केली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत दोनशेहून अधिक दफने मिळाली. घरातल्या जमिनीखाली रांजणात पुरलेली तान्ही मुलेसुद्धा. मुलांची हाडे कोवळी, खनिज कमी, सगळ्यांत आधी नष्ट होणारी. तीही अभ्यासता येतील अशी राहिली. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे तर सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले, आणि महाराष्ट्रात एकेकाळी शहामृग होते हे अशा कवचांमुळेच आपण ठामपणे म्हणतो. अंड्याचे कवच म्हणजे शंखासारखाच कार्बोनेट. ते आंबोलीच्या मातीत पंचवीस वर्षेही टिकले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मातीपर्यंत हाड पोचते तरी का? कुत्री, कोल्हे, घोरपडी, हाडे वेचून वजनावर विकणारी माणसे, हेच आधी हात मारतात. मग सगळे श्रेय मातीला कसे? हे खरे आहे आणि गेल्या तीस वर्षांत त्यात मोठी उलथापालथही झाली. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडे काही तासांत साफ करत. हाडांना फारसा धक्का लागत नसे, सांगाडा बहुतेक जुळलेला राहायचा. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्याण्णव टक्क्यांहून अधिक संपली. कारण २००४मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६मध्ये बंदी आली, पण तोवर रान कुत्र्यांच्या ताब्यात गेले होते. कुत्री सांगाडा उधळतात, नळ्यांची टोके चावून टाकतात, बरगड्या पळवतात. आज भटकंतीत एकटे-दुकटे हाड मिळते, जुळलेला सांगाडा क्वचितच, यामागे हे कारण मोठे आहे. तरीही यातून आपले म्हणणे मोडत नाही, त्याला मर्यादा पडते. खाणारे आणि वेचणारे पहिल्या काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा निकाल लावतात. त्यांच्या तडाख्यातून सुटलेल्या हाडाची पुढची वर्षे मातीच्या हाती असतात. गोकाकला कोल्हे नव्हते म्हणून गेंड्याचे दात राहिले असे काही झालेले नाही.

तिसरा आक्षेप पुस्तकी आहे. हाड किती दिवस पडून आहे हे त्याच्या भेगांवरून सांगता येते, मग मातीची चर्चा कशाला? ॲना बेहरेन्स्मायर यांनी केनियातल्या अंबोसेलीत काम करून १९७८मध्ये हाडांच्या झिजेच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या : आधी चिकट आणि ताजे, मग उभ्या भेगा, मग पापुद्रे सुटणे, शेवटी जागच्या जागी ढलप्या. जगभर याच पायऱ्या वापरतात आणि त्या चांगल्या आहेत. पण अंबोसेली कोरडी, माती अल्कधर्मी. तिथे मोठ्या जनावराचे हाड उघड्यावर दहा-पंधरा वर्षे निघू शकते. अनगोळच्या माळावर चार महिने हाड सतत ओले राहते, शेवाळ धरते, मग सहा महिने कडक वाळते. इथे पापुद्रे सुटलेल्या हाडाला दहा वर्षांचे म्हणणे धाडसाचे ठरेल. दोन-तीन पावसाळ्यांतही ते त्या अवस्थेला जाऊ शकते. पायऱ्या वापराव्यात, वर्षांचे आकडे मात्र उचलू नयेत. एकाच हाडाची वरची आणि खालची बाजू उलटून पाहिली तरी हे कळते. उन्हाकडची बाजू पांढरी, भेगाळलेली. मातीत टेकलेली बाजू तांबूस, मऊ, नखाने खरवडता येईल अशी. वरून ऊन आणि खालून आम्ल, दोन वेगळ्या घड्याळांनी हाड झिजत असते.

दातांचे वेगळे सांगायला हवे, कारण तांबड्या जमिनीवर काही हाती लागलेच तर बहुधा दातच लागतो. दातावरच्या एनॅमलमध्ये सुमारे शहाण्णव टक्के खनिज असते, स्फटिक मोठे आणि दाट. जिवाणूंना खायला जवळजवळ काही नाही, पाण्याला शिरायला वाट नाही. म्हशीच्या दाढेवरची नागमोडी एनॅमलची कड माळावर वर्षानुवर्षे चकाकत राहते आणि तिच्याभोवतीचा जबडा केव्हाच गेलेला असतो. जीवाश्मशास्त्रातल्या बहुतेक सस्तन जाती दातांवरून ओळखल्या गेल्या, त्यामागे दात बोलके असतात हे एक कारण आणि पुष्कळदा दुसरे काही उरतच नाही हे दुसरे. हरणाच्या शिंगाकडून मात्र दाताची अपेक्षा ठेवू नये. सांबराचे गळून पडलेले शिंग हाडच असते, भरीव असले तरी; साळिंदरे आणि पावसाळा मिळून ते संपवतात. गाईच्या शिंगाचे बाहेरचे टोपण केराटिनचे, नखाच्या जातीचे. त्याच्या आतले हाड आधी जाते की टोपण आधी, हे पुन्हा जागेवर ठरते. इथे कायद्याची एक अडचणही सांगून टाकावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि त्यानुसार वन्यप्राण्याचे शिंग, हाड, कातडे विनापरवाना घरी आणून ठेवणे गुन्हा ठरू शकतो. फोटो काढावा, बाजूला मापासाठी एखादे नाणे ठेवावे, आणि वस्तू जागेवर सोडावी. जागेवर सोडल्याने शास्त्राचाही फायदाच : हाडापेक्षा त्याची जागा जास्त माहिती देते, आणि कपाटात गेलेल्या हाडाला जागा उरत नाही.

तेव्हा अनगोळच्या शिवारात जुने काही मिळण्याची आशा असेल तर पाय कुठे वळवायचे हे ठरवता येते. उंचवट्यावर, जांभ्याच्या कडेला, जे मिळेल ते गेल्या दोन-चार वर्षांतले समजावे. तिथे आजची गुरे, आजची कुत्री, आजची घुबडे वाचायची. जुन्याचा शोध नाल्याच्या काठी. मात्र काळी जमीन सगळी सारखी नसते. अनगोळच्या भाताच्या काळीला गोकाकच्या कोरड्या काळीइतका चुना असेल असे गृहीत धरू नये, शंख आणि चुनखडीचे खडे पाहून खात्री करावी. दुसरीकडे, सदा पाण्याखाली असलेल्या चिखलात हवा पोचत नाही, जिवाणूंची चाल मंदावते, आणि चुना कमी असला तरी हाडाला थोडी सवलत मिळते. अशा गाळाचा छेद फुकट पाहायला मिळतो तो नाल्याची दरड ढासळते तेव्हा, किंवा विहीर, गटार, रस्त्याचा पूल यांसाठी खोदकाम निघते तेव्हा. फूट यांच्यासारख्या भूवैज्ञानिकाची अर्धी कमाई अशा दरडींतलीच असे. बळ्ळारी नाल्याचे पाणी ओसरल्यावर, काठ अजून ओला असताना, दरडीच्या पायथ्यापासून वर पाहत जावे : पिवळसर चिकणमातीचा थर कुठे सुरू होतो, त्यात पांढरे खडे आहेत का, शंख आहेत का. असतील तर तिथे थांबावे. नसतील तर त्या दरडीत हाडे शोधण्यात वेळ घालवू नये, पुढची दरड पाहावी.